खांब फाटलाच नाही

आमच्या सासूबाईंना येशू कोण हे ठाऊक नव्हतं. यात हसण्यासारखं काही नाही. तापीकाठच्या खेड्यात, केळीच्या बागांमध्ये त्यांचा जन्म गेला. तिथे मारुती, महादेव आणि वेशीबाहेरचे पीरबाबा एवढ्यात माणसाचं भागतं. मी तर बऱ्हाणपूर शहरात, लोधीपुऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, चार पुस्तकं वाचलेली. पण खरं सांगायचं तर गुड फ्रायडे म्हणजे सुट्टी, यापलीकडे मीही कधी गेले नव्हते. लाकडावर खिळलेला माणूस चित्रात पाहिला होता. त्याला तिथे कोणी चढवलं आणि का, हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या गुड फ्रायडेला मी, माझे मिस्टर आणि सासूबाई असे तिघं नेपानगरला गेलो, ते काही नाटक बघायला नाही. मुलीला घरी आणायला गेलो होतो.

एकुलती एक मुलगी. नेपानगरात दिली होती, चांगलं नावाजलेलं घर बघून. नावाजलेलं! लोक बाहेरून भिंतीचा रंग बघतात आणि नावाजतात. जावई हात उचलतो हे कळायला मला वर्ष लागलं, कारण ती आधी म्हणायची दार लागलं, मग म्हणायची जिन्यावरून पाय घसरला. मोबाइल तिच्याकडून काढून घेतला होता. त्या आठवड्यात बुधवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलगी होती. रडत नव्हती, उलट फार हळू आणि नीट बोलत होती. "मम्मी, पप्पांना सांग, मला घेऊन जा."

मला नाही म्हणाली 'ये'. पप्पांना सांग म्हणाली. त्याला कारण होतं. पप्पांची लाडकी होती ती. झाली तेव्हा 'मुलगी झाली वाटतं' म्हणून नाक मुरडणाऱ्या सगळ्या गल्लीला यांनी मावा जिलेबी खिलवली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी मांडवभर माणसांसमोर तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाले होते, "बेटा, एक फोन कर. अर्ध्या रात्री तुझ्या दारात उभा राहीन." लोकांचे डोळे भरून आले. माझेही आले. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क आहेत. मी दारातच सांगितलं, तो नंबरही यांना दिला. बूट काढता काढता ऐकलं आणि म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी आहे. शुक्रवारी जाऊ."

अर्ध्या रात्री येणारा माणूस सुट्टी बघायला लागला, तिथेच ओळखायला हवं होतं. पण आपलंच माणूस आहे म्हटल्यावर आपण डोळ्यावर कातडं ओढून घेतो. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, म्हातारं माणूस सोबत असलं की चार शब्द वजनदार पडतात. त्यांनाही बसमध्ये बसवलं.

व्याह्यांनी अगदी हसून स्वागत केलं. पोहे, चहा, पंख्याखाली बसा. पुरुष बाहेरच्या खोलीत, सासूबाई विहीणबाईंजवळ स्वयंपाकघरात, मी आत मुलीजवळ. भर उन्हाळ्यात तिने गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. मी बाजूला केली आणि पुन्हा नीट करून ठेवली. म्हटलं, सामान भर. ती म्हणाली, भरलंय.

दुपार कलल्यावर हे आत आले. म्हणाले, "संध्याकाळी जेवणं झाली की शांतपणे बोलू. तोवर शेजारच्या सिस्टर चर्चच्या मैदानात नाटक बघायला चालल्यात, तुला आणि आईला घेऊन जातायत. मीही येतो." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला विचारायचं होतं, पण तिची सासू दारात उभी. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी आहे ना बेटा." तिचा चेहरा एकदम सैल पडला. तो चेहरा मी विसरणार नाही, आणि तो हातही.

या सिस्टर म्हणजे शेजारच्या घरातल्या नर्सबाई. दवाखान्यातल्या म्हणून सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते. पांढरी साडी, पन्नाशीच्या. जिन्यात कोणी नाही बघून माझ्या कानात म्हणाल्या, "दीदी, फोन मेरा था. किसी से कहिएगा मत." मी त्यांचा हात दाबला. भिंतीपलीकडचं सगळं त्यांना रोज ऐकू यायचं.

मैदानात सतरंज्या घातल्या होत्या. निम्मी माणसं चर्चची, निम्मी आमच्यासारखी, सुट्टी आहे तर बघू काय आहे म्हणून आलेली. भुईमुगाच्या शेंगांचा गाडा होता. सासूबाईंनी आल्या आल्या चप्पल काढली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या. त्यांच्या हिशेबाने देवाचं नाटक म्हणजे रामलीला, आणि रामलीलेत पुढेच बसायचं असतं. मी त्यांच्या एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला. हे माझ्या मागे.

नाटक हिंदीत. शिपायांनी लाल चादरी पांघरल्या होत्या, डोक्यावर पुठ्ठ्याचे टोप आणि टोपांवर चक्क झाडूचे तुरे. येशू झालेला तरुण बारीक, सावळा, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला. त्याला ढकलत ढकलत आणलं तेव्हा सासूबाईंनी सिस्टरांना विचारलं, "हा कोन व? देव का मानूस?"

"परमेश्वर का बेटा है अम्मा."

"त्यानं काय केलं?"

"कुछ नहीं किया."

"काही केलं नाही तं मारून काहून राहिले?"

सिस्टर म्हणाल्या, "यही तो बात है." सासूबाईंना ते उत्तर पटलं नाही. खेड्यात पंचांपुढे माणूस उभा केला तर आधी त्याचा गुन्हा सांगतात, मग भांडतात. इथे गुन्हाच कोणी सांगेना. त्या वळून मागच्या बायकांना विचारू लागल्या, "तुम्ही आधीपासून बसल्या व माय, यानं केलं काय?" मागच्या बायकाही आमच्यासारख्याच. एक म्हणाली, चोरी केली असेल. दुसरी म्हणाली, चोर असा गप उभा राहतो का? तिसरीने शेंग फोडत निकाल दिला की काहीतरी जमिनीचं भांडण असणार, भाऊबंदकी.

मग खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याने पितळी परात मागवली आणि हात धुतले. सासूबाई म्हणाल्या, "हे पाहा, इकडे मानूस मरून राहिला अन् हा जेवाले बसला." सिस्टरांनी समजावलं की तो जेवायला नाही बसला, याच्या मरणात माझा हात नाही असं सांगतोय. सासूबाई खो खो हसल्या. "वा रे वा! घे पानी अन् हो मोकळा!" आजूबाजूचेही हसले. मलाही हसू आलं. मनावर दगड ठेवून आलेलं माणूससुद्धा हसतं, काय करणार.

पण फटके मारायला सुरुवात झाली तसं हसणं थांबलं. फटके खोटे, दोरी मऊ, रंग होळीतला उरलेला असावा. तरी मुलांनी शेंगा खाणं थांबवलं. लाकूड त्याच्या खांद्यावर दिलं. आईचं काम करणारी मुलगी निळी साडी नेसून बाजूने चालत होती. मला तिचा भयंकर राग आला. अगं, रडतेस काय नुसती? धर ना त्या शिपायाचा हात! चाव त्याला! माझ्या तोंडून 'चाव' हे मोठ्याने निघालं बहुतेक, कारण सिस्टरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी त्याला वर चढवलं. खांब उभा केला. तेव्हा दिवस बुडत होता. मैदानावरचे दिवे अजून लावले नव्हते, आणि अचानक माझ्या लक्षात आलं की सासूबाई खुशीत आहेत. पुढे सरसावून बसल्या होत्या, डोळे लकाकत होते. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "आता पाहा."

"काय आई?"

"खांब आहे ना? ना दिवस, ना रात. दुष्ट राजा बसला समोर. अन् लेकरू बिनगुन्ह्याचं." त्यांनी एकेक बोट मिटून दाखवलं. "सगळं जमलं. आता खांब फाटते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होळी नुकतीच होऊन गेली होती. दर होळीला त्या गल्लीतल्या पोरांना प्रल्हादाची गोष्ट सांगतात. बाप छळतो, पोरगं नाव सोडत नाही, आणि मग तिन्हीसांजेला खांबातून नरसिंह बाहेर येतो. त्यांच्या लेखी देवाच्या लेकराला खांबाशी आणलं, तर पुढे दुसरं काही होऊच शकत नाही. ऐंशीच्या घरातली बाई, आयुष्यात एकदाही तो खांब फाटायचा राहिला नव्हता.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "नहीं अम्मा, कोई नहीं आएगा."

"येते. तुले नाही माहीत. बाप देव आहे ना त्याचा? मंग?"

वर तो तरुण बराच वेळ मान खाली घालून होता. मग त्याने मान वर केली आणि मोठ्याने बापाला हाक मारून विचारलं, मला का टाकलंस म्हणून. साधी हिंदी, साधा आवाज. सासूबाई आकाशाकडे बघत होत्या, मग खांबाकडे, मग परत आकाशाकडे. आणि त्याची मान पडली. शिपाई भाला घेऊन पुढे आला. खांब काही फाटला नाही.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "असा कसा बाप व हा?" त्या आकाशाकडे हात करून ओरडल्या. त्यांचा आवाज शेतात हाका मारून मारून तयार झालेला, सगळ्या मैदानाने ऐकला. "लेकरू हाका मारून राहिलं अन् हा बसला वरतं! हात तुटले काय तुझे? अरे, असा शब्द देऊन काहून फसवतं लेकराले?"

कोणी हसलं नाही. सिस्टरांनी त्यांना धरून खाली बसवलं आणि स्वतःच डोळे पुसायला लागल्या. मी मात्र मागे वळले. का वळले, सांगता येत नाही. सासूबाई देवालाच बोलत होत्या, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण माझे मिस्टर खाली सतरंजीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. तीस वर्षं संसार केलाय मी. ते कान मला वाचता येतात.

"काय बोलून आलात तुम्ही?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर..."

"आत्ता."

ते पुटपुटायला लागले. व्याही मोठा माणूस आहे. पोरीचं वय आहे, सवय होईल. परत आणली तर गल्लीत काय तोंड दाखवायचं, ऑफिसात लोक विचारतील. एकूण काय, तर सकाळचे पोहे संपायच्या आत यांनी शब्द देऊन टाकला होता की मुलगी इथेच राहील, आम्ही नेणार नाही, फक्त जरा सांभाळून घ्या. मी आत तिला 'सामान भर' म्हणत होते तेव्हा बाहेर हा सौदा पटला होता. आणि तरी आत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला! मला नाटकाला पाठवायची कल्पना कुणाची होती, हे मी विचारलंच नाही. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर गुरांची चौकशी कशाला?

"अजून काय बोललात?"

"त्यांनी विचारलं, फोन कुठून केला तिने."

"आणि?"

"मग काय खोटं बोलू? नंबर दाखवला."

साहेबासमोर जन्मभर खोटं बोललेला माणूस. दौऱ्यावर गेलेत, फाइल सापडत नाही, आत्ताच पाठवली. त्याला नेमका तिथेच सत्याचा उमाळा आला. शब्द दिला तो एक वेळ मी भेकडपणा समजले असते. पण तिच्या हातात एकच दोरी होती आणि ती यांनी त्यांच्या हातात दिली. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे.

सिस्टर बोलायच्या हिंदीत, म्हणून रागाच्या भरात मी त्यांच्यासमोरच मराठीत बोलत सुटले होते. बऱ्हाणपूरकडे मराठी कळत नाही असं कोणी नसतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा नंबर व्याह्यांपर्यंत पोहोचलाय, उद्यापासून भिंतीपलीकडच्या त्या माणसांशी गाठ आहे, हेही त्यांना कळलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या पदर खोचत उठल्या. "वो बाद में देखेंगे दीदी. पहले चलिए."

पुढे खांबावरून त्या तरुणाला उतरवत होते. आम्ही तिघी बायका लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघालो. सासूबाईंना चालता चालता सगळं सांगितलं. त्यांनी चाल वाढवली. हे उठले नाहीत. मी गेटपाशी एकदा वळून पाहिलं, तर सतरंजीवर बसलेलेच होते, समोर बघत.

व्याह्यांच्या दारात मी म्हटलं, मुलीला न्यायला आलेय. व्याही जागचे हलले नाहीत. "ताई, तुमच्या मिस्टरांनी शब्द दिलाय सकाळी. बापाने शब्द दिल्यावर विषय संपला."

मी काही बोलायच्या आत सासूबाई उंबऱ्यावर बसल्या, नीट पाय सोडून, रात्र काढायला बसावं तशा. "बापानं शब्द देला ना? त्या बापाले मी जन्म देला. त्याचा शब्द मी माघारी घेते. पोरगी बाहेर आना."

जावई आतून काहीतरी ओरडला. सिस्टर रस्त्यावर दिव्याखाली फोन हातात धरून उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, सगळ्या कॉलनीला दिसतील अशा. नाटकाहून परतणारी माणसं थांबायला लागली. एकाने विचारलं, क्या हुआ सिस्टर? त्या म्हणाल्या, अभी तो कुछ नहीं हुआ, देख रहे हैं. नावाजलेल्या घराला तेवढं पुरलं. व्याह्यांनी आत हाक मारली आणि मुलगी बाहेर आली. तिच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं. फोनची शिक्षा, आम्ही नाटक बघत होतो तेव्हाची.

बसस्टँडवर ती म्हणाली, "मम्मी, ते लोक म्हणत होते पप्पाच शब्द देऊन गेले म्हणून. मी म्हटलं, खोटं बोलताय. माझे पप्पा असं बोलूच शकत नाहीत. म्हणून अजून एक बसली." मग तिने विचारलं, "खोटंच होतं ना?"

मी म्हटलं, बस आली.

हे शेवटच्या बसने घरी आले. नाटक संपेपर्यंत तिथेच बसले होते म्हणे. सासूबाई ओट्यावर जाग्याच होत्या. त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "मंग? आला का त्याचा बाप?" हे म्हणाले, नाही. सासूबाई उठून आत गेल्या.

रविवारी सिस्टरांचा फोन आला, मुलगी कशी आहे विचारायला. सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला, त्या पोराचं पुढे काय झालं ते सांग म्हणाल्या. सिस्टरांनी सांगितलं की तिसऱ्या दिवशी तो उठला, आज तोच दिवस आहे, बापाने त्याला टाकलं नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं झालं बेटी, माझा जीव लागून राहिला होता. मग म्हणाल्या, "पन तीन दिवस त्याच्या मायनं काय केलं असंन?" त्यावर सिस्टर काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होत्या मात्र. सिस्टरांनी पुढे ते घर सोडलं, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. का सोडलं ते मला कधी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

मुलगी आता इथेच असते, एका शाळेत लागली आहे. गल्लीने चार दिवस तोंड चालवलं आणि मग दुसरा विषय मिळाला. ज्या गल्लीला घाबरून यांनी पोरगी विकली, त्या गल्लीची लायकी एवढी. मी यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे इस्त्री करते, पण शब्द नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळू दे. माझं नाही मिळालं.

परवा सकाळी मी भाकरी थापत होते आणि मुलगी चहा करत होती. हे बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. ती म्हणाली, "मम्मी, सोड ना आता. त्या दिवशी पप्पांना कळलंच नव्हतं, आपण काय करतोय ते."

बाहेर पेपरचं पान उलटायचं थांबलं. मी मुद्दाम आवाज चढवून म्हटलं, "कळलं होतं. चांगलं कळलं होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि त्यांच्या चहाचा कप उचलून बाहेर घेऊन गेली.